बारा मिनिटांचा रस्ता

नसीम रोज दहाला पाच मिनिटं कमी असताना छापखान्यात यायची आणि रोज दारातूनच म्हणायची, "उशीर झाला सर."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचो. "पाच मिनिटं आहेत अजून."

"तुमचं घड्याळ मागं हाय," असं म्हणत ती डब्याची पिशवी खुंटीला अडकवायची आणि ओढणीने कपाळ पुसून कॉम्प्युटरपुढे बसायची. घड्याळ मागे नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. पण पाच वर्षांत हा संवाद कधी चुकला नाही. घाईघाईने कुठेतरी पोचण्यात तिला काय सुख वाटत होतं, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी तेव्हा नुकताच कॉलेजातून निवृत्त झालो होतो. तीस वर्षं मराठी शिकवल्यावर माणसाला दोनच कामं येतात, कार्यक्रमांची अध्यक्षस्थानं भूषवणं आणि प्रुफं तपासणं. पहिल्या कामात शाल पांघरून दोन तास गंभीर बसावं लागतं. ते मला जमत नाही. म्हणून संगमनेरच्या बसस्टँडमागच्या बोळात बापूंचा छापखाना होता, तिथे मी लग्नपत्रिकांची प्रुफं वाचायला जाऊ लागलो. नसीम तिथे ऑपरेटर होती. बारावी आणि टायपिंगचा कोर्स झालेली, एकोणीस-वीस वर्षांची.

लग्नपत्रिकेत वर, वधू, मुहूर्त आणि मंगल कार्यालय एवढं असलं की झालं, असं परक्या माणसाला वाटेल. आमच्याकडे हा मजकूर एका कोपऱ्यात मावतो. उरलेली पत्रिका नावांची. आपले नम्र, निमंत्रक, व्यवस्थापक, विशेष उपस्थिती, आणि तळाला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी डझनभर पोरं, त्यातली दोन अजून पाळण्यात. कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली, यावरून दोन-दोन पिढ्या बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. हा सगळा कारभार शेखांची ही मुलगी बघायची.

"मामा, थोरले साडू खाली गेलेत. पत्रिका वाचून ते जेवायला न्हाई बसायचे."

"घे बाई वर. तुला कसं ठाऊक थोरले ते?"

"मागच्या वर्षी त्यांच्या मुलीची पत्रिका मीच केली ना."

पदव्यांच्या बाबतीत मात्र ती कंजूष होती. एकदा एक पांढऱ्या बुटांतला तरुण आला आणि आपल्या नावाआधी 'युवा उद्योजक' घालायला सांगू लागला.

"उद्योग कोणता दादा?"

"चालू करायचाय."

"मग सध्या नुसतं युवा टाकते," ती म्हणाली आणि तसं टाकून मोकळी झाली. तोही बिचारा हसला. दुसऱ्या एका शिकलेल्या नवरदेवाला आपलं कुलदैवतच आठवेना. नसीमने आडनाव आणि गाव विचारून त्याचं कुलदैवत सांगितलं, आणि वर म्हणाली, "तरी एकदा आईला विचारून घ्या."

ही माहिती तिच्याकडे कुठून आली, याला एक चूक कारण होती. ती नवीन असताना प्रवरेकाठच्या एका गावचे लोक आले. थोरल्या मुलाच्या लग्नाची जुनी पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, "हीच करा. फक्त नवरा-नवरी आन् तारीख बदला." आमच्याकडे निम्म्या पत्रिका अशाच होतात. नसीमने नवरा-नवरी आणि तारीख बदलली. मी प्रुफ वाचलं. शुद्धलेखन निर्दोष होतं. पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आलं, की ज्या आजोबांच्या नावाने अगत्याचं निमंत्रण गेलं होतं, ते मधल्या दोन वर्षांत वारले होते. त्यांचं नाव 'कै.' लावून वर जायला हवं होतं. ते खाली 'आपले नम्र' म्हणून सगळ्यांना बोलावत होते.

घरचे तावातावाने आले. बापू नुकसान भरून द्यायला तयार झाले. नसीम म्हणाली, "मी येते. आजींची माफी मागते." बापूंच्या स्कूटरवर मागे बसून ती गेली. आजी ओसरीवर गहू निवडत होत्या. नसीमने पायाला हात लावून काय झालं ते सांगितलं. आजींनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "आसू दे गं. धाकल्यावर लई जीव हुता त्यांचा. लग्नाला यायचंच हुतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी तिने एक दोनशे पानी वही आणली. आलेल्या प्रत्येक घराचं तिच्यात एक पान. कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला फक्त 'आण्णा' म्हणून ओळखतात आणि कागदावरचं नाव कुणालाच माहीत नाही. वही भरली, दुसरी आली. छापखाना बंद झाला तेव्हा सहावी चालू होती.

आणि तेव्हापासूनच तिने तो एक मिनिटाचा नियम लावला. प्रुफावर सही घेण्याआधी ती गिऱ्हाइकासमोर एक बोट वर धरायची. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. आठवा, कुणाचं राहिलं?" मग पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही. बापूंना हा वेडेपणा वाटे. मला सुरुवातीला नाटक वाटलं. पण फेटेवाले, पागोटेवाले, गळ्यात पक्षाचा गमछा टाकलेले पुढारी तिच्यासमोर शाळकरी पोरांसारखे डोळे मिटून बसायचे, आणि त्या मिनिटात हटकून कुणीतरी आठवायचं. एखादी बालविधवा आत्या. एखादा मुंबईला गेलेला आणि परत न आलेला चुलता.

एकदा एक शेतकरी त्या मिनिटानंतरही डोळे उघडेना. सख्ख्या भावाशी बांधावरून बारा वर्षं बोलणं नव्हतं. शेवटी खालीच बघत म्हणाला, "टाक त्याचं."

"कुठं टाकू आबा?"

"निमंत्रकात टाक. न्हाई, थांब." घसा साफ केला. "आपले नम्रमध्येच टाक. माझ्या खाली."

भाऊ लग्नाला आला की नाही ते आम्हाला कळलं नाही. महिन्याभराने छापखान्यात लाडवांचा एक पुडा मात्र आला. कुणी पाठवला ते आणणाऱ्याने सांगितलं नाही. नसीमने वहीतलं ते पान काढलं आणि 'बोलत नाही' या शब्दांवर बारीक रेघ मारली.

तिचं घर नदीकडच्या मोहल्ल्यात. तिथून छापखाना पायी बारा मिनिटांवर. ही बारा मिनिटं तिच्या दिवसातला सगळ्यात मोठा ऐवज होता. आल्या आल्या ती रस्त्याच्या बातम्या द्यायची. नदीला पाणी सोडलंय. बांगडीवाल्याच्या दुकानाची पाटी बदलली, रंग अगदी ओंगळ आहे. कोपऱ्यावरची बेकरी आज उघडली नाही, म्हातारीला बरं नसेल. दुसऱ्या दिवशी बेकरी उघडली की तेही सांगायची. मी त्याच रस्त्याने तीस वर्षं स्कूटरवरून कॉलेजला गेलो; मला एवढंच सांगता आलं असतं, की रस्त्यात खड्डे आहेत.

एका मे महिन्यात उन्हाचा कहर झाला. बापू दयाळू माणूस. ते म्हणाले, "पोरी, आठ दिवस कॉम्प्युटर घरी पाठवतो. उन्हाची कशाला येतेस?"

ती इतकी घाबरली, की मला वाटलं, बापूंनी कामावरून काढलं असं तिने ऐकलं. "नको बापू. छत्री घेऊन येईन." बापू आत गेल्यावर ती मला म्हणाली, "सर, मला काम पायजे असं न्हाई. मला कामाला जायला पायजे." मग जरा थांबून, "घरी मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी नणंद, कुणाची तरी फुफी. सगळे चांगले आहेत. पण इथं आले की नुसती नसीम."

मी मास्तर माणूस. मुलींच्या शिक्षणावर आणि स्वातंत्र्यावर वर्षातून दोन भाषणं करायचो. तिने दोन वाक्यांत सांगितलेलं माझ्या एकाही भाषणात नव्हतं.

पुढे टाळेबंदी आली. पन्नास माणसांत लग्नं होऊ लागली आणि पत्रिका फोनवरून जाऊ लागल्या. टाळेबंदी उठली, माणसं परत पाचशेची हजार झाली, पण कागदी पत्रिका परतल्या नाहीत. आता फोनवर गणपती गोल फिरतो, सनई वाजते, फुलं पडतात आणि नवरा-नवरीची नावं सोनेरी धुरातून वर येतात. देवाच्या पायाशी ठेवायला म्हणून लोक पन्नास पत्रिका छापत. पुढे पंचवीस. एका नवरदेवाने तर त्याच फोनमधल्या पत्रिकेच्या अकरा प्रिंट मागितल्या.

"ताई, मीच बनवली. गाडीत बसल्या बसल्या. चार मिनिटं लागली."

नसीमने ती नीट पाहिली. "छान आहे. आठवा, कुणाचं राहिलं?"

"अहो, ग्रुपवर टाकलीय. ज्याचं राहिलं असंल तो बोलंल की."

तिने बोट वर धरलं होतं. ते तसंच खाली घेतलं.

बापूंनी दोन हंगाम रेटले. मग छपाईचं यंत्र विकलं आणि जागा भाड्याने दिली. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. शेवटच्या दिवशी बापूंनी घड्याळ मला दिलं आणि वह्या नसीमला.

यानंतरच्या गोष्टीत माझा हात आहे, म्हणून ती लिहायला जड जाते. बंगळूरची कुठलीशी कंपनी फोनवरच्या निमंत्रणांचे नमुने बनवून घेते, मराठी येणारी माणसं हवी आहेत, ही जाहिरात मीच तिला दाखवली. इंग्रजीतला अर्ज मीच तपासला आणि दोन विशेषणं जास्तीची घातली. तिला काम मिळालं. बापू द्यायचे त्याहून बरा पगार. उस्मानभाई, म्हणजे तिचे वडील, पाण्याच्या जळक्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात, तार नव्याने गुंडाळून देतात. हाताला कायम वार्निशचा वास. त्यांनी हप्त्यावर लॅपटॉप आणला, फिरती खुर्ची आणली आणि माझ्या घरी पेढे घेऊन आले.

"सर, पोरगी घरबसल्या कमावती आता. ना ऊन, ना रस्ता, ना कुणाची कटकट."

मीही पेढा खाल्ला. माझी सून पुण्यात अशीच घरून काम करते आणि ते मी चारचौघांत मिरवून सांगतो. घरबसल्या हा शब्द आपण सगळेच फार कौतुकाने उच्चारतो. कुणाला घरात बसायचं आहे का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

चार-पाच महिन्यांनी मी तिला भेटायला गेलो. घर दुमजली. खाली उस्मानभाईंचं दुकान आणि त्यामागे एक खोली, तेच आता नसीमचं ऑफिस. वर बिऱ्हाड, त्यावर गच्ची. घरातून गच्चीवर एक जिना जातो. आणि गच्चीवरून थेट खाली त्या खोलीच्या दाराशी उतरणारा दुसरा लोखंडी जिना बाहेरून आहे. दहा वाजायला आले होते. उस्मानभाई हसून म्हणाले, "बसा. साहेब अजून ऑफिसला यायच्यात."

मला वाटलं, ती कुठे बाहेर गेली आहे. तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली. एकदा इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. बराच वेळ.

"येडी हाय," उस्मानभाई मायेने म्हणाले. "रोज सकाळी डबा भरती. पर्स घेती, ओढणीला पिन लावती, बाहेरच्या चपला घालून वर जाती. बारा मिनिटं गच्चीत चकरा मारती आन् मग ह्या जिन्यानं खाली कामाला. एक वाजता डबा हितंच खाती. वर तिची भाभी गरम रोट्या करती, पण न्हाई. डबाच."

लोखंडी जिना वाजला. ती खाली आली, मला पाहून थबकली आणि हसली. "उशीर झाला सर."

माझ्या डोळ्यांसमोर भिंत होती, पण तिच्यावर घड्याळ नव्हतं. मी म्हणालो, "पाच मिनिटं आहेत अजून."

तिने नवे नमुने दाखवले. सुंदर होते. मोर, तोरणं, आमच्याकडच्या दगडी देवळांच्या कमानी. नावांच्या जागी सगळीकडे 'येथे नाव' असं होतं. मी रस्त्याच्या बातम्या विचारल्या. तिने जरा आठवून सांगितलं, "समोरच्यांनी टाकी बदलली. निळी होती, काळी आणली." मग म्हणाली, "गच्चीवरून नदी दिसत न्हाई सर. मधे ती नवीन बिल्डिंग आलीय."

तिने कंपनीला एक सूचना केली होती. पत्रिका पूर्ण करण्याआधी पडद्यावर एक मिनिट फक्त एवढंच यावं, 'आठवा, कुणाचं राहिलं?' त्यांचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. अतिशय नम्र होतं. कल्पना भावली, असं लिहिलं होतं. मात्र एवढा वेळ थांबवलं की लोक मधेच सोडून जातात, सबब स्वीकारता येत नाही. तळाला हसरा चेहरा होता.

"आपल्याकडं कुणी सोडून गेलं होतं का हो सर?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

वर्ष झालं असेल. मग कंपनीचे नमुने एआय नावाचं यंत्रच काढू लागलं. आधी तिला यंत्राने काढलेले नमुने तपासायला देत. पुढे तेही कमी होत गेलं. मी तिच्या बाजूने चिडलो आणि यंत्राला नावं ठेवू लागलो. तिनेच मला थांबवलं. "न्हाई सर, चांगलं काढतंय. मला मोर काढायला दोन दिवस लागायचे. त्याचा मोर माझ्या मोरापेक्षा चांगला. उगं खोटं कशाला बोलायचं?" हे ती अगदी सरळपणे बोलली. मी तो विषय सोडून चहाचं कौतुक केलं.

मी हातपाय हलवले. ओळखीच्या एका शाळेत कारकुनाची जागा होती, पायी वीस मिनिटांवर. मी मोठ्या उत्साहाने उस्मानभाईंकडे गेलो. त्यांनी हातातली मोटार खाली ठेवली, माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"सर, तुमचे उपकार हायेत. पण आता रस्ता बघता ना? ट्रक, डंपर, पोरं गाड्या कशी हाणतात. घरून व्हणारं काही असलं तर बघा. एवढं दिवस झालंच ना घरून."

"ती छापखान्यात येत होतीच की, उस्मानभाई."

"तवा घरून करता येतं हे कुठं माहीत हुतं?" ते म्हणाले.

त्यांचा आवाज मऊ होता. लेकीवर जीव होता त्यांचा. आणि घरून करता येतं हे त्यांना मीच दाखवून दिलं होतं, दोन जास्तीच्या विशेषणांसह. नसीम आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने ऐकलं असणार. ती पुढे आली, माझ्यापुढचा रिकामा कप उचलून आत गेली. वडिलांचं मन ती मोडणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

मध्यंतरी मी पुण्याला मुलाकडे राहून आलो. आल्यावर एके सकाळी नदीकडे निघालो, तो वाटेत उस्मानभाई दुकानाच्या ओट्यावर तारांचं भेंडोळं सोडवताना दिसले. मी विचारलं, "कसं चाललंय नसीमचं काम?"

"काम बंद झालं सर. दोन महिनं झालं." त्यांनी तार हातातच ठेवली. "लॅपटॉप झाकून ठिवलाय. भाच्याला देऊ म्हणतो, कॉलेजला लागंल त्याला."

"आणि नसीम?"

त्यांनी नुसतं वर पाहिलं.

वर पावलं वाजत होती.

मी गल्लीत चार पावलं मागे सरकलो तेव्हा ती दिसली. ओढणीला पिन, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. कठड्याच्या कडेने ती भराभर चालली होती, पुढे कुणीतरी वाट पाहत असल्यासारखी. टोकाला पोचून वळली आणि तिचं खाली लक्ष गेलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं तिने. बापूंचं घड्याळ माझ्या घरी खिळ्याला लटकत होतं, आणि ते अजून बरोबर वेळ दाखवतं.

"उशीर झाला सर," ती वरून म्हणाली. थांबली नाही.

मला माझं वाक्य म्हणायचं होतं. उस्मानभाई तार हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. मी म्हणेपर्यंत ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीआड गेली, आणि ती पलीकडून निघायची वाट पाहत मी खाली उभा राहिलो.